टेकडीवर दार नाही

३ ऑगस्ट

रॉसविदा पोटात होती तेव्हाची एक दुपार आज सकाळपासून मनात आहे. सान्तो स्वयंपाकघरात जमिनीवर बसला होता आणि मी त्याच्या समोर. केबलचं टोक हलू नये म्हणून त्याने ते माझ्या गुडघ्यांत धरायला दिलं होतं. चुलीवर सुकट भाजली जात होती आणि तिच्या वासात सोल्डरचा राळेसारखा वास मिसळत होता. चाकूने वरची काळी साल सोलत तो एकेक थर दाखवत होता. आधी तांब्याची जाळी, मग नारळाच्या खोबऱ्यासारखा पांढरा गर, आणि अगदी मध्ये तांब्याची एकच तार.

"आवाज तारेतून जात नाही," तो म्हणाला. "तार आणि जाळी यांच्या मधल्या जागेतून जातो. दोघं एकमेकांना चिकटली तर संपलं. मध्येच कुठे अंतर कमी-जास्त झालं तर आवाज तिथून मागे फिरतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत अंतर सारखंच राहायला हवं."

"नवराबायकोचं सांगतोयस का?"

"मी केबलचं सांगतोय. गुडघे हलवू नकोस."

ती केबल अजून तीच आहे. सान्तो मात्र गेल्या नोव्हेंबरात गेला. त्याला वर्ष होईपर्यंत मी शोकाचे काळेच कपडे घालणार आहे आणि तोवर त्याची एकही वस्तू जागची हलवायची नाही असं ठरवलं आहे. त्याचा रेडिओ बाहेरच्या खोलीत माझ्या शिलाई मशीनच्या शेजारी आहे. अँटेनाचा खांब मागे, स्वयंपाकघराच्या भिंतीला. केबल वळचणीखालून घराला वळसा घालून पुढच्या खिडकीतून आत येते. रेडिओचं टेबल खांबापासून इतक्या लांब का ठेवलं, हे मी त्याला कधी विचारलं नाही. रस्त्यावरची ये-जा बघायला त्याला आवडत असावं.

जूनमध्ये मी रेडिओवर बोलायच्या परवान्याची परीक्षा पास झाले. तेव्हापासून रोज संध्याकाळी पाचला त्याच्यासारखीच तिनागोला हाक देते. त्या बेटावर बारा घरं आहेत आणि मोबाइल लागत नाही. सान्तोची थोरली बहीण, मानाय बासिलिसा, तिथे एकटी राहते. बेटावरचा एकुलता एक रेडिओ तिच्याकडे असतो. वादळाची खबर तिला मिळाली तरच बाकीच्यांना मिळते.

१२ ऑगस्ट

आज रविवार, रेडिओवर सगळ्यांच्या हजेरीचा दिवस. पादी हर्मो, म्हणजे आमच्या रॉसविदाचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, हजेरी घेतो; त्या नात्याने मी त्याला पादी म्हणते आणि तो मला मादी. गावात त्याचं रेडिओ-दुरुस्तीचं दुकान आहे.

"मादी नीला, तुमचा आवाज चर्चच्या घंटेसारखा," तो म्हणाला.

मला बरं वाटलं. शाळेत सिस्टर क्लोटिल्ड मला शेवटच्या बाकाकडे तोंड करून कविता म्हणायला लावायच्या. त्या म्हणायच्या, शब्दाचं शेवटचं अक्षर गिळणारी मुलगी अर्धा घास ताटात टाकते. ते आज उपयोगी पडतंय.

मानायचा आवाज मात्र बारीक येतो, आणि बोलताना तिला धाप लागते. "ऐकू येतंय का, मानाय?" विचारलं की "येतंय, येतंय" म्हणते आणि लगेच बंद करते. अठ्ठ्याहत्तर वय झालं. भाऊ गेल्यापासून खचली असणार. नाववाल्याबरोबर नव्या बॅटऱ्या पाठवल्या आहेत.

२६ ऑगस्ट

नाववाला मानायने दिलेली सुकी मासळी घेऊन आला. बॅटऱ्या मिळाल्या, पण आधीच्याही चांगल्याच होत्या असा निरोप आहे.

"म्हातारीचे गुडघे सुजलेत," तो म्हणाला. "तरी रोज क्रुसाच्या टेकडीवर चढते. पाचच्या आधी वर पोहोचलेली असते."

प्रार्थनेला जात असणार. आंजेलुसची सांजप्रार्थना सहाची, पण मानायचं सगळं लवकरच असतं. देवाने तिला इतकी भक्ती दिली, थोडी अक्कलही द्यायला हवी होती. गुडघ्यांसाठी तेल पाठवते.

९ सप्टेंबर

वादळ उत्तरेकडून निघून गेलं. आमच्याकडे नुसता पाऊस.

रॉसविदाचा नागा शहरातून फोन आला होता. "आई, डोळ्यांचं ऑपरेशन या वर्षी करायचंच. आणि नंतर इथेच राहा."

"पाच वाजता हाक कोण देणार?"

"पाच वाजता, पाच वाजता. बाबा काय, तू काय, दोघांचं लग्न त्या डब्याशीच लागलंय."

मी हसले. तिला राग आला नाही, सवय झाली असावी, म्हणून मला वाईट वाटलं.

४ ऑक्टोबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

तिनागोच्या देवळाची जत्रा होती. मादी दिग्ना, हर्मोची बायको, आणि मी सकाळच्या नावेने गेलो. पाचची हाक आज आमच्या घरून, माझ्याच रेडिओवरून, हर्मो देणार होता. मानायने नारळाच्या दुधात अळू शिजवलं होतं, इतकं तिखट की दिग्ना डोळे पुसत म्हणाली, "मानाय, पाहुणे परत येऊ नयेत म्हणून का?"

"तू तर दर वर्षी येतेस," मानाय म्हणाली. "अजून तिखट करून बघते."

साडेचार वाजता मानाय उठली. झग्याला हात पुसले, कोपऱ्यातली काठी घेतली आणि रेडिओ गळ्यात अडकवला.

"कुठे निघालात?"

"जरा वाऱ्यावर."

"आता पाचला हर्मोची हाक येईल. बसा ना, आपण इथेच ऐकू."

ती दारात तशीच उभी राहिली. दिग्ना एकदम ताटं गोळा करायला लागली, रिकामी आणि भरलेलीसुद्धा. मी मानायचा हात धरून तिला बाकावर बसवलं आणि रेडिओ मध्ये ठेवला.

पाच वाजले. रेडिओतून नुसती खरखर. मी आवाज वाढवला, खरखरच वाढली. एकदा वाटलं की खोल विहिरीतून कोणीतरी बोलतंय, पण शब्द कळेना. आवाज माझ्या घरून, माझ्या रेडिओवरून येत होता. म्हणजे मी रोज असाच आवाज पाठवत होते.

"टेकडीवर येतो," शेवटी मानाय म्हणाली. "खडकाच्या डाव्या बाजूला उभं राहिलं की बऱ्यापैकी येतो."

"कधीपासून?"

"पाऊस लागला तेव्हापासून."

"मला सांगितलं का नाही?"

"तू विचारायचीस, ऐकू येतंय का. येत होतं."

"मानाय!"

"तू काळ्यात आहेस, नीला. त्याच्या हाताची केबल खराब झाली, हे तुला मी सांगायचं? वर्ष झाल्यावर हर्मो सांगणार होता. आमचं तसं ठरलं होतं."

दिग्ना ताटांकडेच बघत होती. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मी घंटा.

वादळात ती टेकडी कशी चढणार होती? परतीच्या नावेत मला दुसरं काही सुचलं नाही.

५ ऑक्टोबर

सकाळीच हर्मोच्या दुकानात गेले.

"दर रविवारी मला घंटा म्हणत होतात."

त्याने चष्मा काढून पुसला. "मादी, मी दोन गल्ल्या सोडून राहतो. मला तुम्ही खिडकीतून ओरडलात तरी ऐकू येतं. मी खोटं नाही बोललो."

"खरंही नाही बोललात."

"काळ्या कपड्यातल्या बाईला कोण सांगेल, की तुमच्या नवऱ्याचं काम कुजलंय?"

"वादळ काळे कपडे बघून थांबणार आहे का?"

त्याने दुकान बंद केलं. शिडी घेऊन माझ्याबरोबर आला. खांबाच्या टोकाला कनेक्टरवरची टेप उन्हाने तडकली होती. सान्तो दर मे महिन्यात वर चढून ती नव्याने गुंडाळायचा. गेल्या मे महिन्यात त्याला जिनाही चढवत नव्हता, आणि या मे महिन्यात मला ते आठवलंच नाही. तिथून खारं पाणी आत शिरलं. हर्मोने वरचा तुकडा कापून सोलला. तांब्याची जाळी काळी-हिरवी पडून बोटांत भुगा होत होती. पाणी जाळीतून वातीतल्या तेलासारखं झिरपत पार पुढच्या खिडकीपर्यंत आलं होतं. तिथे सान्तोने केबलला खाली एक झोळ दिला होता, तो पाण्याने भरला होता. झोळापासून वर आत येणारा तुकडा मात्र लखलखीत कोरडा.

"जाताना आवाज खाते तशी केबल येतानाही खाते," हर्मो म्हणाला. "मानायचा आवाज बारीक यायचा ना? ती म्हातारी झाली म्हणून नव्हे."

मग दुकानात टेबलावर त्याने तीन केबली मांडल्या. मी आधी पांढऱ्या केबलला हात लावला, कारण ती स्वस्त आणि देखणी होती.

"ती टीव्हीची. पंच्याहत्तर ओमची. आपला रेडिओ, अँटेना, सगळं पन्नासचं. थोडं नुकसान झालं तरी तेवढ्याने आकाश कोसळत नाही, पण हिची जाळी ॲल्युमिनियमची. त्यावर सोल्डर बसत नाही. आणि समुद्राकाठी ॲल्युमिनियम किती टिकतं, ते तुम्ही भांड्यांवरून ओळखा."

दुसरी काळी, करंगळीहून बारीक. "ही पन्नासची. गुंडाळी हवी तेवढी आहे. तुमच्या खांबापासून बाहेरच्या खोलीपर्यंत तीस मीटर. चार वाट्या भात पाठवलात तर टोकाला एक पोहोचेल."

तिसरी अंगठ्याएवढी जाड, ताठ, आत जाळी आणि तिच्याखाली पत्राही. "हिच्यात चारातल्या पावणेतीन पोहोचतील. सान्तोची जुनी केबल अशाच जाडीची होती. पण माझ्याकडे बारा मीटरच उरलीय. मनिलाहून यायला वादळांमुळे थांबलेल्या बोटी सुरू व्हायला हव्यात."

"बारा मीटर पुरेल कुठपर्यंत?"

"स्वयंपाकघरापर्यंत. टेबल खांबाच्या पायथ्याशी नेलं, तर चारातल्या साडेतीन वाट्या."

"दोन्ही जोडून घेतली तर?"

"बारीक आहे तिथे खाणारच. शिवाय प्रत्येक जोड म्हणजे पाण्याला एक नवं दार."

मी बारीक केबल घेतली. टेबल हलवायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं.

११ ऑक्टोबर

बारीक केबल बसली. छान वळते, खिडकीच्या फटीतून अलगद आत आली. हर्मोने टोकाला दोन थर टेप गुंडाळली. संध्याकाळी मानाय म्हणाली, "साफ येतंय, नीला. घरात बसून ऐकतेय." देवाचे आभार. मानायचाही आवाज मला पूर्वीपेक्षा बरा वाटला. एक वाटी का होईना, पोहोचली.

१३ ऑक्टोबर

पोहोचली नव्हती.

आज पाचला मानाय "साफ, साफ" म्हणत होती, आणि मला एकदम तिच्या मागे बकरीची घंटा ऐकू आली. मानायकडे बकरी नाही. बकऱ्या टेकडीवर चरतात. आणि धाप तशीच.

"मानाय, घरात आहात ना?"

"आहे की."

"मग घराचं दार वाजवून दाखवा."

दार वाजलं नाही. फक्त वारा.

"नीला," ती म्हणाली, "टेकडीवर दार नाही."

मग ती म्हणाली, "रागावू नकोस. घरातही येतं आता, मधले मधले शब्द. मी बाकीचे टेकडीवर येऊन पुरे करते."

१४ ऑक्टोबर

टेबल हलवलं.

हर्मो आणि दिग्ना आले. मी खणांतलं सामान काढलं. पेन्सिलीचे तुकडे, टेपची गुंडाळी, माझा हरवलेला अंगुस्तान. तो इथे कसा, कोण जाणे. दिग्ना टेबलाचं एक टोक उचलत म्हणाली, "सान्तो वरून बघत असेल तर म्हणेल, बायका हलवतायत आणि हर्मो सूचना देतोय, म्हणजे सगळं ठीक आहे."

टेबलाच्या जागी जमिनीवर फिकट चौकोन राहिला आहे. खुर्चीच्या पायांनी लाकडावर दोन खोल घासलेल्या रेघा पडल्यात. त्या खिडकीकडे, रस्त्याकडे जात नाहीत. मशीनकडे जातात. खुर्ची सारखी तिकडे वळत असणार.

जाड केबलसाठी भिंतीला भोक पाडावं लागलं. ती कोपऱ्यात दुमडायची नाही, मोठी वळणं देत आणायची. भिंतीपाशी हर्मोने सान्तोसारखाच झोळ दिला. सोल्डर करताना केबलचं टोक मी गुडघ्यांत धरलं. हर्मोने नजर खाली ठेवली.

पाच वाजता हाक दिली. खरखर नाहीशी झाली होती. मानायचा आवाज इतका जवळून आला की दिग्नाने मागे वळून बघितलं.

"कुठून बोलताय?"

उत्तराऐवजी ठक, ठक, ठक. लाकडावर.

मग ती म्हणाली, "टेबल मागे नेलंस?"

"नेलं."

"त्याने केबल टाकली त्याच दिवशी मी त्याला सांगितलं होतं, खांबाखाली बस. इतकी लांब केबल कशाला? म्हणाला, नीला पुढे शिवत बसते."

रेडिओवर सगळं गाव ऐकत होतं. हर्मोने खिशातून रुमाल काढला आणि रेडिओ पुसायला लागला.

२ नोव्हेंबर

कबरीवर मेणबत्त्या लावल्या. पुढच्या आठवड्यात मोठं वादळ येईल म्हणतात. दुकानात अबाकाच्या तंतूंचे दोर संपले आहेत, सगळे छपरं बांधतायत. मी काळेच कपडे घातले होते. सान्तोला टेबलाचं सांगितलं.

६ नोव्हेंबर

दुपारी वादळाने वाट बदलली. आता थेट आमच्यावर येतंय. तिनागोच्या लोकांना आणायची नाव उद्या दुपारी जायची होती. आता पहाटेच निघायला हवी, नंतर तटरक्षक कुणालाच समुद्रात जाऊ देणार नाहीत. वीज गेली आहे. हर्मोने गाडीची बॅटरी आणून जोडली.

पाच वाजता तिनागोची टेकडी पूर्ण ढगात होती. इथून दिसतच नव्हती. मी सिस्टर क्लोटिल्डसारखं एकेक अक्षर पुरं करत सांगितलं. उजाडायच्या आत सगळ्यांनी किनाऱ्यावर. बकऱ्या सोडून द्या. म्हातारे आणि मुलं आधी. बारा घरं, बाराही.

"ऐकलं?"

"ऐकलं."

"खरं सांगा, मानाय. अर्धं कळलं असेल तर अर्धं म्हणा."

"'बाराही' म्हणालीस. 'बकऱ्या सोडा' म्हणालीस. पलीकडच्या घरच्या म्हाताऱ्याला कसं उचलायचं, ते मात्र नाही सांगितलंस. बघते मी."

मग दार वाजलं. एकदा, आणि लगेच पुन्हा एकदा. ते तिनेच वाजवलं, की निघताना तिच्यामागे आपटलं, मला कळलं नाही.

९ नोव्हेंबर

आम्ही सगळे आहोत.

बाराही घरची माणसं आमच्या गावच्या शाळेत पोहोचली होती. म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून खुर्चीच नावेत चढवली. बेटावरची सहा घरं उरली नाहीत. मानायचं छप्पर गेलं, भिंती आहेत.

आमच्या बाहेरच्या खोलीचं छप्पर उडालं. मशीन भिजलं. जिथे टेबल होतं त्या फिकट चौकोनावर पत्रा पडला. स्वयंपाकघर कोरडं, रेडिओ कोरडा.

मानाय माझ्याकडे राहते आहे. भात मी मऊ करते, अशी तिची तक्रार आहे. पाच वाजले की सवयीने उठते, काठी शोधते, आणि मग माझ्या शेजारी बसते.

२३ नोव्हेंबर

सान्तोचं वर्ष झालं. पाद्रींनी मिस्सा केली, मग मी काळा पोशाख उतरवला आणि निळा घातला. दिग्ना म्हणाली, "किती दिवसांनी तुझ्या गळ्याचा रंग दिसला."

हर्मोने हजेरीत सान्तोची हाक घेतली आणि नंतर सगळे थोडा वेळ गप्प राहिले, तशी पद्धत आहे. मग माझी हाक घेतली. "मादी नीला, आज आवाज बरा आहे. पण शेवटी जरा घोगरा झाला." त्याने पहिल्यांदा खरं सांगितलं.

३० नोव्हेंबर

उद्या सकाळच्या बोटीने नागाला निघते. ऑपरेशन डोळ्यांचंच आहे, पण या वयात लिहून ठेवलेलं बरं. रॉसविदा, हे तुझ्यासाठी. मी परत आले तर फाडून टाकीन.

शिलाई मशीन तुला. त्याची मोटर भिजली आहे, पण पायाने चालतं.

काळे पोशाख दिग्नाला. तिला ते घालायची वेळ येऊ नये, म्हणून तिने त्यांचे उशांचे अभ्रे शिवावेत.

सान्तोचं सोल्डरिंग आयर्न आणि टेपची गुंडाळी हर्मोला. दर मे महिन्यात त्याने आमच्या खांबावर चढावं. त्याला चढवेनासं झालं की तसं मोठ्याने सांगावं.

रेडिओ आणि टेबल या घरातच राहू दे, खांबाच्या पायथ्याशी. पाचची हाक जो कोणी देईल त्याला. शेजारी एक खुर्ची ठेवा, कोणी बसलं नाही तरी.

जुन्या केबलचा झोळापासून आतला तुकडा मी जपून ठेवला आहे, साधारण तीन वाव. खिडकीपासून टेबलापर्यंतचा, जो सान्तोने माझ्या शेजारी बसता यावं म्हणून जास्तीचा घेतला होता. तो कोरडा आहे, तांबं अजून चमकतं. तो मानाय बासिलिसाला. तिचं छप्पर झालं की हर्मोने त्यावर छोटा अँटेना बसवावा आणि ही केबल तिच्या बाकापर्यंत आणावी. टोकाला टेपचे तीन थर, खाली झोळ.

जोडून झालं की हर्मोने इथून हाक द्यावी, आणि मानायने दार वाजवावं. ऐकू आलं नाही तर तिने तसं सांगावं.